साकलूमचे त्रेसष्ट थर

पहिल्याच थराचं वय यंत्राने सत्तर वर्षं सांगितलं, तेव्हा प्रांजली काळेलला वाटलं, आपली पाच वर्षं पाण्यात गेली.

ती ग्वातेमाला देशाच्या उत्तरेला, पेतेनच्या जंगलात होती. साकलूम या प्राचीन माया नगरीतलं सर्वांत उंच मंदिर म्हणजे एकशे अठरा पायऱ्यांचा दगडी डोंगरच. माथ्यावर एकामागे एक अशा तीन अरुंद खोल्या. सर्वांत आतल्या खोलीत, दगडी ओट्याशेजारी ती मांडी घालून बसली होती. शिवणयंत्राएवढं तिचं यंत्र भिंतीला टेकवलेलं होतं. वर दोन्ही बाजूंचे दगड थराथराने पुढे काढत माथ्याशी जुळवलेले, उलट्या होडीसारखं छत. २०४३ सालचा फेब्रुवारी, सकाळचे नऊ.

साकलूम अकराशे वर्षांपूर्वी ओस पडलं, हे तिथल्या शाळेच्या पुस्तकातही होतं. शेवटचा कोरीव शिलास्तंभ इसवी सन ८८९ चा. त्यानंतर राजा नाही, लेख नाही. थेट १९७८ साली झाडांचा चीक गोळा करणाऱ्या मजुरांना जंगलात हे मंदिर दिसलं आणि जगाला त्याचा पत्ता लागला. मग आतल्या खोलीतल्या गिलाव्याचा वरचा थर १९७३ सालचा कसा असेल?

प्रांजलीने यंत्र हातभर सरकवून पुन्हा लावलं. १९७३. ओट्याच्या पलीकडे लावलं. १९७३.

ते यंत्र तिने पाच वर्षं खपून पुण्याच्या प्रयोगशाळेत बांधलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं थरवाचक. त्यामागचं तत्त्व तिला घरीच कळलं होतं. ती माण तालुक्यातल्या लोणाऱ्यांची मुलगी. आजोबांची चुन्याची भट्टी होती, आणि वडील, आप्पा, आजही जुन्या देवळांच्या दुरुस्तीला दगडी चाकाच्या घाणीत चुना मळून देत. चुनखडी भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यात पाणी घालून विरवला आणि भिंतीवर मारला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. म्हणजे गिलावा ज्या वर्षी मारला, त्या वर्षीची हवा त्यात कोंडली जाते. त्या हवेतला थोडासा कार्बन किरणोत्सारी असतो, तो ठरावीक वेगाने घटतो. किती उरला हे मोजलं की गिलाव्याचं वय कळतं.

अडचण एवढीच होती, की गिलाव्यात न भाजलेल्या चुनखडीचे कणही असतात. त्यांचा कार्बन कोट्यवधी वर्षांचा, त्यामुळे सगळा हिशेब बिघडतो. थरवाचकाने ती अडचण सोडवली. त्याचा लेसर नव्याने जमलेले सूक्ष्म स्फटिक तेवढे निवडायचा, प्रत्येक थरातले वेगळे. भिंतीला साधा ओरखडाही उठत नसे.

वरच्या थराच्या बाबतीत तर शंकेला जागाच नव्हती. १९५५ नंतर महासत्तांनी उघड्या हवेत अणुबाँब फोडले, त्यामुळे जगभरच्या हवेतला किरणोत्सारी कार्बन दुपटीच्या जवळ गेला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू उतरला. त्या काळातल्या चुन्याचं वर्ष जवळजवळ अचूक सांगता येतं. यंत्राला मिळालेलं प्रमाण दोनच वर्षांशी जुळत होतं: चढताना १९६३, उतरताना १९७३. चुना बाहेरून आत घट्ट होत जातो, म्हणजे आतला भाग नंतरचा. या थराच्या आतल्या बाजूला किरणोत्सारी कार्बन बाहेरच्यापेक्षा कमी होता, म्हणजे उतरतं वर्ष.

तिने आप्पांना फोन लावला. भारतात रात्रीची जेवणं चालली होती.

"आप्पा, अकराशे वर्षांचा गिलावा असा गुळगुळीत राहील?"

"वर छप्पर हाय का?"

"दगडी आहे, पण झिरपतं. भिंतीला बारा महिने ओल."

"मग न्हाई राहायचा. ओलीत चुना फुगतोय, पापुद्रं सुटत्यात. कुणीतरी हात मारत आलं आसंल त्याच्यावर."

"इथे माणूसच नव्हतं, आप्पा."

"आसं तुला कुणी सांगितलं?" आप्पांनी विचारलं.

तिला सांगितलं होतं डॉ. आर्तुरो लेमुस यांनी. चौतीस वर्षं ते साकलूम खोदत होते. या नगरीचे पांढरे उंच रस्ते, पावसाचं पाणी तलावांकडे वळवणारी उतरती अंगणं, जुन्या मंदिराच्या पोटावर चढवलेलं नवं मंदिर, हे सगळं त्यांनी जगापुढे आणलं होतं. प्रांजलीच्या यंत्राची बातमी वाचून त्यांनीच तिला बोलावून घेतलं होतं. त्यांना हवं होतं नगरीच्या मरणाचं नेमकं वर्ष.

आणि त्या मरणावर आणखी एक गोष्ट टांगलेली होती. मंदिरापासून दोन किलोमीटरवर सान हासिंतो नावाचं छत्तीस घरांचं गाव होतं. माणसं इत्सा मायांच्या वंशातली. पुरातत्त्व उद्यानाच्या समितीला ती जागा प्रवाशांच्या निवासासाठी मोकळी करून हवी होती. कागदोपत्री हे गाव १९९८ साली बसलेलं. 'साकलूमशी या लोकांचा कोणताही अखंड संबंध आढळत नाही,' असा तज्ज्ञ म्हणून अहवाल लेमुसांनीच दिला होता. त्या आधारावर गाव उठवण्याचा आदेश निघाला होता. एप्रिलमध्ये शेवटची सुनावणी होती.

अकरा दिवस प्रांजली रोज त्या पायऱ्या चढली. गिलावा वीतभर जाड होता. यंत्र एकेका थरातून खाली उतरत गेलं: १९७३, १९५४, १९३४, १९१४. दर दोन थरांत सुमारे वीस वर्षं. मायांच्या कालगणनेत सात हजार दोनशे दिवसांची एक पाळी असते, तिला काटुन म्हणतात. थर त्या पाळीला धरून होते. सर्वांत खालचा ७११ चा. तिथून १९७३ पर्यंत पाळ्या पासष्ट व्हायला हव्या होत्या, थर भरले त्रेसष्ट.

न सापडलेल्या दोन पाळ्यांची वर्षं पाहून ती खोलीतच उठून उभी राहिली. एक १६९७. त्या वर्षी स्पॅनिश फौजेने सरोवरातली इत्सांची राजधानी जिंकली होती. आणि दुसरी ९०९, शेवटच्या शिलास्तंभानंतरची लगेचची. राजे गेले, दरबार बुडाला, लिहिणारे हात थांबले. जगाने ज्याला नगरीचं मरण म्हटलं, त्यात या भिंतीची एकच पाळी चुकली होती. ९२८ साली चुना पुन्हा मारलेला होता.

लेमुसांनी तंबूतल्या टेबलावर आलेख पसरून दहा मिनिटं पाहिला. मग चष्मा काढून ठेवला.

"यंत्र चुकतंय," ते म्हणाले.

"तीन जागी तपासलंय, प्रोफेसर."

"मग तिन्ही जागी चुकतंय. मी या जंगलात चौतीस वर्षं काढली आहेत, प्रांजली. इथे ८८९ नंतरचं एक खापर सापडलेलं नाही."

"तुम्ही राजवाड्यात खोदलंत. सान हासिंतोच्या परसात कुणी खोदलं?"

त्यांचा चेहरा कडक झाला. "करारानुसार प्रकल्पाचे निष्कर्ष माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाहीत. सुनावणी होईपर्यंत यातला एक आकडाही जाणार नाही."

"आणि गाव उठलं तर?"

त्यांनी आलेख गुंडाळायला घेतला. प्रांजलीला राग आला होता, पण समोरचा माणूस खोटा नाही हेही तिला माहीत होतं. ती म्हणाली, "तुम्ही माझी परीक्षा घ्या. ज्यांचं वय तुम्हाला ठाऊक आहे अशा भिंतींचे तुकडे द्या. नुसते क्रमांक घालून. एक जरी चुकला तरी मी यंत्र गुंडाळून घरी जाईन."

आठवड्याने सात सीलबंद डब्या आल्या. प्रांजलीने सात वर्षं कागदावर लिहून दिली. लेमुस ती घेऊन राजधानीला गेले आणि दोन दिवस त्यांचा निरोप नव्हता. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"सहा बरोबर," ते म्हणाले. "सातवा तुकडा एका चर्चचा. बांधकाम १७३८ चं आणि तू १९०४ लिहिलंस. मी खूश झालो, खोटं कशाला सांगू? मग चर्चची जुनी वही काढायला लावली. १९०३ मध्ये ती भिंत पडली होती. पुढच्या वर्षी नव्याने बांधली."

फोनवर कागदांची सळसळ ऐकू आली.

"थर खरे आहेत," ते शेवटी म्हणाले. "पण थर म्हणजे माणसं नव्हेत. चुना कुणी मारला? याच गावाने मारला हे कशावरून? न्यायालयात पहिला प्रश्न हाच येणार. माझ्याकडे उत्तर नाही. तुझ्याकडे आहे?"

नव्हतं. म्हणून ती सान हासिंतोला गेली.

गावातली सर्वांत जाणती बाई म्हणजे सिपरियाना चायाश, सगळे तिला आदराने दोन्या सिपरियाना म्हणत. वय अठ्ठ्याहत्तर, अंगाने काटक. चुन्याच्या पाण्यात उकळलेला मका धूत ती अंगणात बसली होती. प्रांजलीने मंदिराचं नाव काढताच तिने मान हलवली.

"आम्हाला काही माहीत नाही, पोरी. आम्ही नंतर आलेली माणसं. कागदात तसंच आहे ना?"

"कागदात आहे. भिंतीत नाही."

सिपरियानाचे हात मक्यात थांबले.

"माझ्या घरात चुना भाजायचे," प्रांजली म्हणाली. "आजोबा, त्यांचे वडील, त्यांच्याही आधीचे. आमच्या जातीचं कामच ते. जातीचं नाव घेतलं की लोक हात झटकायचे. भट्टीचा धूर डोळ्यांत जाऊन आजोबांची नजर गेली. देवळं त्यांच्या चुन्यावर उभी राहिली आणि देवळाच्या दगडावर नाव दुसऱ्याचंच. तुमच्या भिंतीवर मी त्रेसष्ट वेळा मारलेला चुना पाहिला, दोन्या सिपरियाना. तो कुणी मारला हे मला विचारायचंय. सांगायचं नसेल तर मी जाते."

म्हातारी उठली, आत गेली आणि एका मडक्यातून पांढरा ओला गोळा घेऊन आली. "हा कसा आहे?"

प्रांजलीने तो अंगठ्याने बोटांवर पसरवला. लोण्यासारखा पसरला, कुठे कण लागला नाही. तिने जिभेच्या टोकाला लावला. चरचर नाही.

"वर्षभर तरी मुरलाय. आणि यात कसलातरी डिंक आहे."

"साल," सिपरियाना म्हणाली. "चाका झाडाची साल उकळून ते पाणी घालतो." ती पुन्हा खाली बसली. मग मक्याकडे पाहतच बोलू लागली.

१९७३ साली ती आठ वर्षांची होती. बाप धरून बाराजण गेले होते. सालीचं पाणी ढवळायला तिला नेलं होतं. काम सात दिवस चाललं. नंतर सगळ्यांनी शपथ घेतली, जशी प्रत्येक पाळीला घेत, की बाहेरच्यापाशी बोलायचं नाही. बाहेरच्यांना कळलं की ते घेऊन जातात, ही पिढ्यान्‌पिढ्यांची शिकवण. मग यादवीच्या काळात सैन्य आलं. गाव पळून सीमेपलीकडे मेक्सिकोत गेलं. बाराजणांपैकी सात वाटेतच गेले, बाप त्यांतला एक. परत यायला १९९८ उजाडलं. सरकारने गावाची नोंद केली ती त्या वर्षी. १९९३ ची पाळी परमुलखात चुकली. २०१२ ला आणि २०३२ ला कुंपण होतं, पहारा होता.

"चुना मात्र दर वर्षी विरवते," ती म्हणाली. "सवय."

"हे न्यायालयात सांगाल?"

"शपथ माझी एकटीची नाही."

रविवारी गावाची बैठक भरली. प्रांजली अंगणाबाहेर चिंचेखाली थांबली होती. आत चार तास भांडण चाललं. सांगितलं तर मंदिर आपलं राहणार नाही, असं काही म्हणत. नाही सांगितलं तर घरही राहणार नाही, असं बाकीचे. शेवटी सिपरियाना बाहेर आली.

"मी बोलणार," ती म्हणाली. "माझ्या तोंडाने. तू फक्त तुझ्या यंत्राचं सांग. आणि आणखी एक ऐक. प्रत्येक पाळीला आम्ही चुन्याचे दोन हात मारतो. पहिला हात ओला असताना, ओट्यामागे जमिनीलगत, काम करणारे सगळे आपल्या हाताचे तळवे उमटवतात. मग वरून बारीक चुन्याचा हात. डोळ्यांना काही दिसत नाही. तुझ्या यंत्राला दिसेल?"

प्रांजलीने मनात हिशेब केला. दाबलेल्या चुन्याची घनता वेगळी असते. लेसर ओट्यामागे पोचला तर दिसायला हवं. "दिसू शकेल. उद्याच पाहते."

"नाही. आता पाहायचं नाही," सिपरियाना म्हणाली. "आधी तू पाहिलंस तर म्हणतील तूच केलंस. न्यायाधीश उभ्या असतील तेव्हा पाहायचं."

"आणि नाही दिसलं तर?"

"मग मी खोटी ठरेन. पण तळवे तिथे आहेत. मी होते ना तिथे."

सुनावणीआधीचे सोळा दिवस प्रांजलीने कसे काढले तिचं तिला ठाऊक. रोज ती त्या खोलीच्या दारापर्यंत जाई आणि परत फिरे. अर्ध्या तासाचं काम होतं. पण शब्द दिला होता. कराराचं काय, हा प्रश्न उरलाच होता. तिने लेमुसांना साधं पत्र लिहिलं: न्यायालयात विचारलं तर मी खरं सांगणार. प्रकल्पातून काढायचं असेल तर आत्ताच काढा. उत्तर आलं नाही.

गावाच्या अर्जावरून न्यायाधीश ओतिलिया बारियोस यांनी स्थळपाहणीचा हुकूम दिला आणि वीस एप्रिलला सगळे मंदिराच्या पायथ्याशी जमले. गावातली झाडून सगळी माणसं होती. समितीचे वकील पांढऱ्या टोपीत घामाघूम झाले होते. लेमुस बाजूला एकटे उभे होते. सिपरियानाला खुर्चीतून वर न्यायची तयारी होती, तिने खुर्ची परत पाठवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची ती बाई एकशे अठरा पायऱ्या चढली. दर दहा पायऱ्यांवर थांबली, आणि ती थांबली की न्यायाधीशही थांबल्या.

खोलीत सहा माणसं मावली, बाकीची बाहेरच्या दोन खोल्यांत आणि पायऱ्यांवर. सिपरियानाने शपथेवर सगळं सांगितलं. मग प्रांजलीने यंत्र ओट्यामागे सरकवलं. पडद्यावर राखाडी धुकं आलं. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तेच.

"याला तळवे म्हणायचं का?" वकिलांनी विचारलं.

भिंतीची ओल लेसरला आडवी येत होती. तिने लहरींची लांबी बदलली, यंत्र आणखी खाली टेकवलं, अगदी जमिनीला. यंत्र हलू नये म्हणून कोपर ओट्यावर दाबून धरलं.

धुक्यात एक काळसर डाग आला. त्याला एक बोट फुटलं, मग दुसरं. मग शेजारी दुसरा तळवा, तिसरा. एका ओळीत बारा तळवे उभे राहिले, मोठ्या माणसांचे, पसरलेल्या बोटांचे. बाराव्याच्या खाली एक लहान तळवा होता. त्याची करंगळी मधूनच बाहेर वळलेली होती.

सिपरियानाने आपला उजवा हात उचलून पडद्याशेजारी धरला. करंगळी तशीच वळलेली. "सहा वर्षांची असताना झाडावरून पडले होते," ती न्यायाधीशांना म्हणाली. मग बोटाने एकेक तळवा दाखवत नावं घेऊ लागली. "हा माझा बाप, सेलेस्तिनो. हा दोमितिलो वेश. हा त्याचा भाऊ." बाहेरच्या खोलीत कुणीतरी मोठ्याने रडू लागलं. वेश घराण्यातली नात होती ती. आजोबाचं थडगं कुठे आहे हे त्या घराला साठ वर्षं माहीत नव्हतं. आता त्याचा तळवा सापडला होता.

"खाली जा," न्यायाधीश प्रांजलीला म्हणाल्या. "जमेल तितकं खाली."

ती थरामागून थर उतरली. १९५४: नऊ तळवे. १८९४: अकरा. १७१७: तीनच. त्याआधीची पाळी स्पॅनिश फौजेमुळे चुकली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. १२०४. १०४७. ९२८ च्या थरात चार तळवे होते, त्यांतले दोन बायकांचे असावेत इतके निमुळते. शेवटी ७११, अठरा तळवे.

वकील उठले. हे अनपेक्षित आहे, वेळ हवा, प्रकल्पप्रमुखांचा अहवाल तर अजून कायम आहे, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी लेमुसांकडे पाहिलं.

लेमुस पुढे आले. छत बुटकं होतं, त्यांना वाकून उभं राहावं लागलं.

"तो अहवाल माझा आहे," ते म्हणाले. "तो चुकीचा आहे. मी राजांचा शोध घेत होतो. राजे गेलेले दिसले म्हणून नगरी मेली असं लिहिलं. चौतीस वर्षं रोज सकाळी ही माणसं मला जेवण देत होती आणि मी त्यांना त्यांच्याबद्दल एक प्रश्न विचारला नाही. अहवाल मी मागे घेतो. कृपया नोंद करा." मग ते सिपरियानाकडे वळले आणि सरळ उभे राहू लागले.

"बसा आधी," सिपरियाना म्हणाली. "डोकं आपटेल."

बातमी पायऱ्यांवरून खाली गेली. वरून प्रांजलीला फक्त आवाज ऐकू आला. आधी कुजबुज, मग एकच मोठा कल्लोळ, आणि त्या आवाजाने रानातले पोपट थव्याने उडाले.

निकाल मेमध्ये लागला. गाव उठवण्याचा आदेश रद्द झाला. मंदिराची देखभाल सान हासिंतोच्या ग्रामसभेकडे राहील आणि पाळीच्या सात दिवसांत तिथे दुसरं कुणी जाणार नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. शाळेच्या पुस्तकातला धडा बदलायला समिती नेमली गेली. लेमुस तिच्यावर गेले, पण एका अटीवर: शेजारच्या खुर्चीवर गावचं माणूस हवं. आपल्या पुढच्या लेखात प्रांजलीने साकलूम या नावाचा अर्थ दिला, पांढरी माती, आणि खाली लिहिलं की तिच्या भाषेत माणसांच्या वस्तीच्या जमिनीलाच पांढरी म्हणतात. गाव ओस पडलं तरी पांढरीचा रंग जात नाही. इथे तर गाव ओसही पडलं नव्हतं.

२०३२ ची चुकलेली पाळी आता अकरा वर्षं उशिरा करायची ठरली. नोव्हेंबरात, पाऊस सरल्यावर, गावाबाहेर ओल्या लाकडांची गोल रास रचली गेली, पुरुषभर उंच, आणि वर चुनखडीचे तुकडे. ती पाहायला आप्पा आले. उभ्या जन्मात पहिल्यांदा विमानात बसले होते, दोन दिवसांच्या प्रवासाने पाय सुजले होते, तरी उतरल्यापासून त्यांनी भट्टीभोवती चार चकरा मारल्या.

"भिंत न्हाई, तोंड न्हाई, नुसतं उघड्यावर सरण रचल्यागत?" ते प्रांजलीला म्हणाले. "आसं कुटं भाजत्यात का? इचार बाईला."

प्रांजलीने विचारलं. सिपरियाना आप्पांकडे पाहत शांतपणे काहीतरी म्हणाली.

"काय म्हनती?"

"म्हणते, तेराशे वर्षं असंच भाजतोय. तुमच्यात किती वर्षं झाली?"

आप्पा हसत सुटले. दुसऱ्या दिवशी रास जळून बसली आणि राखेत फुटलेल्या लाह्यांसारखा पांढराशुभ्र चुना दिसला. त्यांनी एक तुकडा उचलला, टिचकी मारली, कानाशी धरला. मग तो सिपरियानाच्या हातात ठेवून दोन्ही हात जोडले. त्यानंतर त्या दोघांना दुभाष्याची फारशी गरज पडली नाही. सालीच्या पाण्यावरून मात्र दोघं रोज भांडली, आप्पा मराठीत आणि सिपरियाना इत्सा भाषेत. पाणी किती आटवायचं यावर शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पाळीच्या पहिल्या सकाळी सान हासिंतोची एकवीस माणसं पायऱ्या चढली. त्यांत वेश घराण्यातली नात होती, आणि बायका नऊ होत्या. प्रांजली, आप्पा आणि लेमुस खाली अंगणात थांबले. वर बोलावणं नव्हतं आणि ते असावं असं त्यांतल्या कुणाला वाटलंही नाही. दुपारी सिपरियाना माथ्यावरच्या दारात आली. हात कोपरापर्यंत पांढरे झाले होते. खाली पाहून ती ओरडली,

"आणखी चुना पाठवा! भिंत पितेय!"

आप्पांना शब्द कळले नाहीत, पण त्यांनी पाटी आधीच भरायला घेतली होती.